मदत हवी आहे: विंडोज ७ टाकताना सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मागतंय

सावली_१२
नमस्कार. कालपासून डोकं धरून बसले आहे. पीसीवर विंडोज ७ परत टाकतेय. भाषा निवडायची खिडकी येते, 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं की सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) सापडत नाही, तो द्या, असा निरोप येतो. 'ब्राउज' करून पाहिलं, यादीत कामाचं काही नाही. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. जुनी विंडोज आधीच बंद पडलेली, म्हणजे मशीन पूर्ण बंद. शनिवारपर्यंत चालू हवंच आहे. पटकन सांगा कुणीतरी.

निवांत
बायोसमध्ये (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी चालतो तो प्रोग्राम) ड्राइव्ह दिसतो का? मदरबोर्ड कुठला, प्रोसेसर कितव्या पिढीचा? डिस्क मूळ आहे की घरी राइट केलेली?

जुनाखेळाडू
लेन्स. दुसरं काही नाही. ड्राइव्हमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेसर असतात. दुसरा थकला की गाण्यांच्या सीडी झकास वाजतात आणि डीव्हीडी मात्र ओळखतच नाही. माझ्याकडे हेच झालं होतं, दोन दिवस उगाच विंडोजला बोल लावत होतो. कापसाच्या काडीने लेन्स हलकेच पुसून बघा.

खटपट्या
लेन्स गेली असती तर भाषेची खिडकी तरी कुठून आली? हे फिल्टरचं प्रकरण आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ड्राइव्हच्या नोंदीखाली अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी असतील, त्या उडवा आणि रीस्टार्ट करा. माझा गायब झालेला ड्राइव्ह असाच परत आला.

निवांत
खटपट्या, तो उपाय चालू विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसेनासा झाला तर. इथे विंडोजच उठत नाही, आणि सेटअप जुनी रजिस्ट्री बघतही नाही. ताईंना उगाच रजिस्ट्रीत उतरवू नका.

खटपट्या
उपाय चालतो म्हणून सांगितला. तुम्ही तर अजून नुसते प्रश्नच विचारताय.

पेंग्विनवाला
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. आता कशाला टाकताय? लिनक्स घाला, अर्ध्या तासात मशीन पळायला लागेल.

सावली_१२
लिनक्स नको. माझ्या फिल्म स्कॅनरचा ड्रायव्हर ७ नंतर निघालाच नाही. आजोबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या आहेत. नेट जोडणारच नाहीये. आणि लेन्स कुठली पुसू? डीव्हीडी ड्राइव्ह वर्षापूर्वीच काढून टाकलाय. पेनड्राइव्हवरून करतेय. म्हणूनच कळत नाही, नसलेल्या ड्राइव्हचा ड्रायव्हर का मागतंय!

निवांत
पेनड्राइव्ह! हे पहिल्या ओळीत हवं होतं ताई. कुठल्या पोर्टला लावलाय, निळ्या की काळ्या? आणि प्रोसेसर?

सावली_१२
पुढच्या निळ्या. माउस-कीबोर्ड मागे काळ्यात आहेत, ते चालतात. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय ५. एक गोष्ट दिसली: पेनड्राइव्हचा बारीक दिवा भाषेच्या खिडकीपर्यंत लुकलुकतो आणि मग विझतो.

निवांत
तिथेच गोम आहे. सुरुवातीच्या फाइल्स बायोस वाचून देतो, त्याला निळा, म्हणजे यूएसबी ३ चा, पोर्ट कळतो. पुढे सेटअप स्वतःच्या ड्रायव्हरांवर चालायला लागतं. विंडोज ७ आली २००९ मध्ये, तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. तो विंडोज ८ पासून आला. म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप आलं तोच त्याला दिसेनासा होतो, आणि इन्स्टॉलचं माध्यम हरवलं की निरोप सीडी/डीव्हीडीच्या नावानेच येतो. तो निरोप 'कॅन्सल' करा, 'इन्स्टॉल नाऊ'च्या खिडकीवर परत या, पेनड्राइव्ह काढून मागच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टला लावा, पाच-दहा सेकंद थांबा आणि पुन्हा दाबा. पीसी बंद करायची गरज नाही.

जुनाखेळाडू
आयएसओ (विंडोजच्या डिस्कची एकच मोठी फाइल) अर्धवट उतरली असेल तरी हाच निरोप येतो. डीव्हीडी राइट करताना वेग ४एक्सच ठेवावा.

खटपट्या
डीव्हीडी नाहीच म्हणतायत त्या.
पोर्ट बदलून भागलं नाही तर बायोसमध्ये एक्सएचसीआय (यूएसबी ३ चा कंट्रोलर) बंद करा. सहाव्या पिढीपासून पुढे मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे यूएसबी ३ चा ड्रायव्हर आयएसओमध्येच घालावा लागतो. चौथी आहे, म्हणजे निभेल.

रीळवेडा
विषय वेगळा आहे, पण निगेटिव्ह वाचून राहवलं नाही. सुती हातमोजे घालून कडेनेच धरा. ३५ मिमीची चौकट २४ × ३६ मिमी असते, २४०० डीपीआयला साधारण ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात. कृष्णधवल असतील तर स्कॅनरचं धूळ काढायचं इन्फ्रारेड बंद ठेवा. फिल्ममधल्या चांदीमुळे त्याला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही, चित्र बिघडतं.

सावली_१२
झालं! काळ्या पोर्टला लावला आणि पुढे गेलं. दिवा विझला नाही. रीळवेडा, बहुतेक कृष्णधवलच आहेत, लिहून ठेवलं.
आता तीन पार्टिशन (डिस्कचे भाग) दिसतायत: १०० एमबी, ९७.६ जीबी आणि ३६८ जीबी. आधी केलेले सगळे स्कॅन डी ड्राइव्हवर आहेत, पण इथे सी-डी अशी नावंच नाहीत. सगळी उडवू का?

निवांत
थांबा, काहीही उडवू नका! आकारावरून ओळखायचं. १०० एमबीचं विंडोजचं स्वतःचं, ९७.६ म्हणजे तुमचा जुना सी असणार. डी सीपेक्षा बराच मोठा होता ना?

सावली_१२
हो, साडेतीनशेच्या वर होता.

निवांत
मग ३६८ ला हात लावू नका. सीवर, डेस्कटॉपवर काही राहिलेलं नाही ना, तेवढं आठवा. नसेल तर ९७.६ वालं निवडून तेवढंच फॉरमॅट करा आणि पुढे जा.

सावली_१२
डेस्कटॉपवर काही नव्हतं. केलं. फाइल्स उलगडतायत, ३१ टक्के. दिवा लुकलुकतोय.