चैत्रात हिपरगा तलावाच्या उघड्या पात्रात पक्षीनिरीक्षकांनी उतरावे काय?

(काही पक्षीप्रेमींची आणि एका शेतकऱ्याची ही लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

माळरान

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली की शहराजवळच्या हिपरगा तलावाचे पाणी काठ सोडू लागते आणि होळीपर्यंत इतका रुंद पट्टा उघडा पडून वाळतो की दुचाकी थेट पाण्याच्या कडेपर्यंत नेता येते. नेता येते म्हणून ती नेली जाते, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत पक्षी पाहणाऱ्यांनी आणि त्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी तलावाच्या उघड्या पात्रात उतरू नये, जे पाहायचे ते बांधावरून आणि कायमच्या काठावरूनच पाहावे, असा प्रस्ताव मी येथे मांडतो. तो अनेकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

कारण असे. हिवाळी पाहुणे येथे पोटासाठी येतात. त्यांना कोणी उठवले तर ते थोडे पुढे जाऊन बसतात आणि पुन्हा चरू लागतात. चैत्रातल्या आपल्या रहिवासी पक्ष्यांचा मात्र येथे संसार मांडलेला असतो, आणि तो झाडावर नसून जमिनीवर असतो. टिटवी, शेकाट्या, लहान आर्ली, नदी सुरय हे सारे याच दिवसांत उघड्या गाळावर, वाळूवर किंवा पाणी ओसरून वर आलेल्या उंचवट्यावर अंडी घालतात.

गेल्या एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमारास बाभळीच्या सावलीत बसून मी एक टिटवी तासभर पाहिली. खळगीत चार अंडी होती, निमुळती टोके आत वळवलेली, रंग वाळल्या मातीचा आणि त्यावर काळे डाग. जागा ठाऊक असूनही माझी नजर दोनदा चुकली. ऊन चढले तशी ती अंडी उबवत नव्हती, निववत होती. उठायची, तुरुतुरु पाण्यापर्यंत जायची, पोट बुडवायची आणि ओल्या पिसांनिशी पुन्हा अंड्यांवर येऊन बसायची. अशा सहा फेऱ्या मी मोजल्या. मग दोन दुचाकी आल्या, टिटवी ओरडत वर उठली आणि दोघे गृहस्थ तिच्या त्या ओरडण्याची छायाचित्रे काढत पंचवीस मिनिटे तेथेच उभे राहिले. ते वाईट होते असे मी म्हणत नाही, त्यांना अंडी दिसलीच नव्हती. पण सोलापुरात पारा चाळिशीपार गेलेला असताना उघड्या पडलेल्या अंड्यांचे काय होते, हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना बाधा आणणेही येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जुने मास्तर

माळरान यांची टिटवी मला पटली, त्यांचा प्रस्ताव पटला नाही.

मी नोकरीत असताना दर वर्षी पाडव्याच्या आगेमागे मुलांना हिपरग्याला नेत असे आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. हिवाळ्यात न नेता चैत्रातच का, असे पालक विचारत. डिसेंबरात पिवळा धोबी दाखवला तर मुले विचारतात की यात पिवळे काय आहे. एप्रिलमध्ये तोच पक्षी हळदीने माखल्यासारखा होऊन गुरांच्या पायांत किडे टिपत असतो आणि मग काही सांगावे लागत नाही. काळ्या शेपटीचे पाणटिवळे हिवाळाभर मातकट असतात आणि जाण्याच्या सुमारास त्यांच्या मानेवर विटेचा रंग चढतो. पट्टकादंब तोवर निघून गेलेले असतात, हिमालय ओलांडून तिबेट आणि मंगोलियाकडे. सायंकाळी पाणकणसात उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे मुलांना दाखवले की एखादा हमखास म्हणतो, ‘सर, ह्यांनाच आमचे आजोबा ज्वारीतून गोफणीने हाकलतात.’ त्याच भोरड्या मध्य आशियातल्या खडकाळ उतारांवर घरटी करतात आणि तेथे टोळ खातात, हे ऐकून त्या मुलाचा चेहरा जसा होतो तो पाहण्यासाठी मी अजून जातो.

हे सारे बांधावरून दिसत नाही. एप्रिलमध्ये पाणी इतके आत गेलेले असते की आठ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतूनही चिखल्या पक्षी म्हणजे एक ठिपका, आणि चाळीस मुलांत अशा दुर्बिणी दोन. ठिपके दाखवून कोणाला पक्ष्यांची गोडी लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपला नियम जो ऐकतो त्यालाच बांधतो. याच तीन महिन्यांत तलावांतला गाळ काढण्याची कामे चालतात, जेसीबी आणि डंपर पात्रात उतरतात, आणि ती कामे करायला हवीत याबद्दलही वाद नाही, कारण गाळ काढायचा तर तो कोरड्या दिवसांतच निघतो. पण वहीत तारीख, जागा आणि अंड्यांची संख्या लिहिणारा माणूसच आपण बांधावर बसवला, तर यंत्र कोठून फिरवावे आणि कोठून फिरवू नये हे चालकाला सांगणार कोण? शिवाय पाणथळ जागांसाठी केलेल्या २०१७ च्या नियमांतून खास सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. इंग्रजी अमदानीत बांधलेला आपला हिपरगा तलाव, म्हणजेच एकरुख, त्यांत बसत नाही. कायदा जेथे लंगडा आहे तेथे साक्षीदार तरी हवेत.

भोरडी

मास्तर, वहीवाले फार थोडे असतात, आपण मुलांना शिस्तीत नेता म्हणून सगळेच तसे वागत असतील असे आपल्याला वाटते. मी भिगवणच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यावर तीन उन्हाळे गेले आहे. बसलेल्या रोहित पक्ष्यांचे छायाचित्र काढून कोणाचे समाधान होत नाही. पंखांतला लाल रंग दिसावा म्हणून नाव थेट थव्यात घालायला सांगणारे लोक मी त्याच नावेत बसून ऐकले आहेत आणि नावाड्याने नाही म्हटल्यावर दुसरी नाव धरणारेही पाहिले आहेत. चरून अंगावर चरबी धरायची आणि मग लांबचा पल्ला गाठायचा, अशा दिवसांत त्या पक्ष्यांना दिवसातून दहा वेळा उठवणे म्हणजे त्यांच्या शिदोरीतून भाकरी काढून घेणे आहे. माझा माळरान यांना पाठिंबा आहे, आणि तो केवळ टिटवीपुरता नाही.

गाळपेरवाला

आपण सर्व शिकलेली मंडळी आहात, त्यामुळे थोडे बिचकत लिहितो, पण या चर्चेत ज्यांची जमीन आहे त्यांचा शब्दही असावा.

पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करण्याची रीत जुनी आहे. आमच्या वडिलांनी केली, मी करतो. कडवळ, मका, थोडी काकडी. त्या जमिनीत टिटवी असते हे आम्हाला पक्षीनिरीक्षकांनी सांगावे लागले नाही. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा आणि खोलगटात घातली तर पाऊस बेताचा, असा आमच्याकडे समज आहे, त्यामुळे अंडी कोठे घातली हे पाहण्यासाठीच माणसे हिंडतात. तो समज खरा की खोटा हे मी सांगणार नाही, दोन्ही अनुभव आले आहेत. पण त्यामुळे अंडी सापडतात, आणि औत त्या जागेला वळसा घालून जाते.

माझी भीती वेगळी आहे. आज ‘पक्षी पाहणाऱ्यांनी उतरू नये’ असे म्हणाल, उद्या कोणीतरी त्याचा अर्थ ‘कोणीच उतरू नये’ असा लावील. सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, त्यात गावेच्या गावे आली, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत अडचणी सोसून लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले, पण तोवर जे व्हायचे ते झाले होते. आज माळढोक दिसला तर ती बातमी होते. मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे. त्यांनी पक्ष्यांची कितीतरी नावे रानात राहणाऱ्या माणसांकडून मिळवली. मनाईचा फलक लावणाऱ्याला कोणी नाव सांगत नाही.

माळरान

गाळपेरवाले भाऊंचा आक्षेप मी मान्य करतो आणि माझ्या वाक्यात दुरुस्ती करतो. हा प्रस्ताव कसणाऱ्यांना, मासेमारांना आणि गुराख्यांना लागू नाही. तो फक्त हौसेने येणाऱ्यांनी स्वतःवर घालून घ्यायचा आहे, कोणत्याही कार्यालयाकडे अर्ज करून मिळवायचा नाही. गुराखी रोज त्याच वाटेने जातो आणि त्याच्या जाण्याची टिटवीला सवय झालेली असते. आपण आठवड्यातून एकदा उगवतो आणि नेमके वाट सोडून चालतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मास्तरांना मात्र मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरची आठवण देईन. तेही मूळचे गोदावरीवरचे सिंचनासाठीचे बंधाऱ्याचे पाणी, तरी १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथे पक्षी मनोऱ्यांवरून पाहतात आणि तिकाटण्यावर लावलेल्या मोठ्या दुर्बिणीतून गावातलीच मुले पाहुण्यांना पक्षी दाखवतात. चाळीस मुलांना दोन लहान दुर्बिणी पुरत नाहीत हे खरे, पण तिकाटण्यावरच्या एका मोठ्या दुर्बिणीपुढे रांग लावली तर ठिपक्याचा पक्षी होतो. वर्गणी काढावी, माझे पहिले पाचशे रुपये धरावेत.

साक्षीदाराचा मुद्दा मात्र मला उलटा वाटतो. घरट्याची नोंद करण्यासाठी घरट्यापाशी जावे लागत नाही. टिटवी बसली आहे की उठली आहे, हे दुरूनच अधिक चांगले कळते.

भीमाकाठ

येथे वीस-पंचवीस हौशी माणसांच्या पावलांवरून इतका खल चालला आहे, म्हणून मी जरा खालच्या अंगाचे सांगतो.

उजनी उन्हाळ्यात उणेत जाते, म्हणजे वापरायचा साठा संपून सुमारे ६३ टीएमसीच्या मृतसाठ्याला हात लागतो, हे आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की वर्तमानपत्रातला तो आकडा आपण तापमानासारखा वाचतो. सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात. पात्र कोरडे असते तेव्हा वाळूच्या पट्ट्यांवर आर्ली आणि सुरय अंडी घालतात, आणि मग एके रात्री पाणी येते. मी सकाळी पाहिलेले एवढेच सांगतो: आदल्या दिवशी जेथे आर्लींची वीस-बावीस खळगी मोजली होती तेथे गुडघाभर पाणी वाहत होते, आणि पक्षी त्याच जागेवर, पाण्याच्या वर, घिरट्या घालत होते. त्या दिवशी माझ्या भावाच्या, शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी नळाला चार दिवसांनी पाणी येणार म्हणून घरात आनंद होता. यात दोष कोणाला द्यायचा हे मला ठरवता येत नाही. पण पात्रात न उतरण्याचा नियम पाळून आपण मन हलके करून घेणार असू, तर ते मला पटत नाही.

भोरडी

भीमाकाठ, पाण्याने वीस खळगी गेली म्हणून दुचाकीखाली गेलेले एक चालेल, असा हिशेब कसा मांडता येईल? पाणी सोडण्याची तारीख आपल्या हातात नाही, दुचाकीची किल्ली आपल्या हातात आहे.

भीमाकाठ

चालेल असे मी म्हटलेले नाही. तारीख आपल्या हातात नसली तरी ती विचारता येते. पाणी मार्चच्या आरंभी एकदा सोडून पात्र ओले ठेवले तर पक्षी त्या वाळूवर बसणारच नाहीत, उंच जागा शोधतील. तीन आठवडे पात्र कोरडे ठेवून मग सोडले तर अंड्यांवरूनच जाते. ही मागणी लेखी करण्यासाठी मात्र कोणत्या आठवड्यात कोठे किती अंडी होती याची नोंद हवी, आणि येथे मी मास्तरांच्या बाजूला जातो.

जुने मास्तर

मोठी दुर्बीण मला मान्य आहे, माझेही पाचशे धरावेत. दुचाकी वर रस्त्यालाच लावावी, हेही निर्विवाद. पण पाऊलच टाकू नये, हे मी आजही मानणार नाही. मधला मार्ग असा सुचवतो: गुरांच्या रोजच्या वाटेनेच जावे, एका वेळी दहापेक्षा अधिक मुले नसावीत, आणि सकाळी आठच्या आत बाहेर यावे, कारण तोवर ऊन तापलेले नसते आणि पक्षी थोडा वेळ उठला तरी अंड्यांना धोका कमी असतो.

माळरान

आठची वेळ मान्य. गुरांची वाट अमान्य, कारण त्या वाटेवर पहिला मुलगा चालेल आणि अकरावा वाट सोडून शेकाट्याच्या मागे पळेल, हे मास्तरांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

गाळपेरवाला

मास्तर, ज्या गुरांच्या वाटेबद्दल आपण बोलत आहात ती माझ्या काकडीच्या वेलांना लागून जाते. तेथे परवापासून टिटवी बसली आहे. काल तीन अंडी होती, चौथे आज-उद्या येईल. औत चुकून जाऊ नये म्हणून मी बाजूला बाभळीची एक फांदी रोवून ठेवली आहे. ती काढीपर्यंत त्या वाटेने कोणी येऊ नये, मास्तर, आपणही नाही. मुलांना घेऊन आलात तर बांधावर मी स्वतः येतो आणि तेथून जागा दाखवतो.