बेर एकच आणि दावेदार दोन : एनिग्मा करू की इन्फिनिटी?

नववी_गल्ली :

मंडळी डायब्लो २ रिझरेक्टेड या व्हिडिओ गेमबद्दल विचारायचंय, जरा लांबड लागंल पण शेवटपर्यंत वाचा. आम्ही ऑफलाइन खेळतो, घरात पीसी एकच. माझा हॅमरवाला पॅलाडिन (हातोडे फेकणारा योद्धा) ८६ लेव्हलचा आणि ताईची लायटनिंग सॉर्सरेस (विजेची जादूगारीण) ८८ ची. शेअर्ड स्टॅशमध्ये, म्हणजे सामाईक तिजोरीत, जे पडतं ते दोघांचं, आजपर्यंत त्यावरनं कधी शब्दानं शब्द वाढला नव्हता.

यंदा पावसानं राजारामपुरीतनं बाहेर पडायची सोय नव्हती, पंचगंगा इशारा पातळीच्या वर, कॉलेज बंद, मग आम्ही गेममधला लोअर कुरास्ट हा भाग धरला. हेल डिफिकल्टी म्हणजे सगळ्यात अवघड पातळी, प्लेयर्स ७ म्हणजे सात खेळाडू असल्यागत सेटिंग, आणि नकाशा असा मिळालेला की वेपॉइंटपासनं (प्रवासाचा थांबा) हाकेच्या अंतरावर दोन झोपड्या आणि मधे शेकोटी. रन म्हणजे पेट्या उघडायची एक फेरी, ती ताई मारायची कारण टेलिपोर्ट (एका उडीत लांब जायची जादू) तिच्याकडं, मी शेजारी बसून आकडा लिहायचो. दोन हजारांच्या वर रन झाल्या आणि गेल्या गुरुवारी रात्री पावणेदोनला पेटीतनं बेर हा दुर्मिळ रून (हत्यार-चिलखतात बसवायचा जादूचा दगड) पडला. ताईनं मला झोपेतनं उठवलं, मी चष्मा न लावताच स्क्रीनवर नारिंगी अक्षरं वाचली आणि पुढं तासभर दोघांना झोप नाही.

आता प्रश्न. मला एनिग्मा पाहिजे, टेलिपोर्ट देणारं चिलखत, म्हणजे जाह इथ बेर हे रून क्रमानं. ताईला इन्फिनिटी हे हत्यार पाहिजे, म्हणजे बेर मॅल बेर इस्ट. स्टॅशमध्ये बेर १, सुर १, लो २, मॅल १, इस्ट १, खालचे बरेच. जाह एकपण नाही. आणि माझ्याकडनं एक चूक झालीय, एनिग्मासाठी म्हणून मी आर्चन प्लेट (चिलखत) लारझुक लोहाराकडं नेला, वाटलं तीन सॉकेट (रून बसवायची भोकं) मिळतील, मिळाले चार. सॉकेट पाडून द्यायचं त्याचं बक्षीस, म्हणजे क्वेस्ट, गेली. तर हा आर्चन आता कशाला लागतो का, आणि बेर कुणाला द्यावा हे सांगा. ताईपण हे वाचणार आहे, तेव्हा मोकळेपणानं सांगा पण समजुतीनं सांगा.

हुपरीचा_चांदीवाला :

भावा पहिल्यांदा तुमच्या दोघांचं अभिनंदन, दोन हजार रन म्हणजे तोंडच्या गप्पा नव्हेत. मी ही गेम २००१ पासनं खेळतोय, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन आली तेव्हापासनं, म्हणून अधिकारानं एक सांगतो, तू स्टॅश नीट मोजला नाहीस. तुझ्याकडं बेर एक नाही, दोन आहेत.

आमच्या धंद्यात जुना दागिना मोडीत घालून नवा घडवतात तसंच हे आहे. दोन लो आणि एक फ्लॉलेस टोपाझ क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवी करायचा जादूचा डबा) घाल, सुर मिळतो. मग तो सुर, तुझ्याकडचा सुर आणि एक फ्लॉलेस अ‍ॅमेथिस्ट घाल, बेर मिळतो. घडणावळ म्हणून दोन खडे गेले, बाकी काही नाही. खडा फ्लॉलेसच पाहिजे, परफेक्ट चालत नाही, आणि तुम्ही मॅजिक फाइंडसाठी (चांगल्या वस्तू जास्त पडाव्यात म्हणून) हेल्मेटात घालायला टोपाझ परफेक्ट करत सुटला असाल तर आता तीन साधे टोपाझ हुडका, तीन साध्यांचा एक फ्लॉलेस होतो.

म्हणजे दोन बेर, मॅल, इस्ट, झाली की इन्फिनिटी. याउलट एनिग्मा करायचा म्हटलास तर जाह पाहिजे, आणि जाह म्हणजे दोन बेर आणि फ्लॉलेस सफायर. म्हणजे एनिग्मा तुला तीन बेरला पडतो आणि तुझ्याकडं दोन आहेत. दोनाचा जाह केलास तर हातात जाह राहील, बेर राहणार नाही, आणि मग पुन्हा कुरास्टात दोन हजार रन. अपुऱ्या चांदीत दागिना घडवायला बसू नये. माझ्या मते बेर ताईचा, तिच्या हातानं पडलाय म्हणून नव्हे तर हिशेबच तसा येतो म्हणून.

गंगावेस_कट्टा :

चांदीवाले, हिशेब बरोबर आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते पण ऐका.

लोअर कुरास्टात मारामारी नसतीच. टेलिपोर्ट, पेटी, टेलिपोर्ट, पेटी, सेव्ह अँड एक्झिट. तिथं इन्फिनिटीनं काडीचा फरक पडत नाही. मग इन्फिनिटी करून पुढचा रून लवकर मिळणार असं जे सगळे म्हणतात ते या पोरांच्या बाबतीत लागू नाही, ती पोरं पेट्या उघडत्यात. एनिग्मा झाला तर मात्र पॅलाडिनपण रन मारू शकतो, एक दमला की दुसरा बसतो. मी स्वतः लो न मोडता तसेच ठेवीन, बेर तसाच ठेवीन आणि आणखी रन मारीन.

पण एनिग्मा घालायच्या आधी बाबा तुझे रेझिस्ट (आग, थंडी, वीज, विष यांचा प्रतिकार) किती आहेत ते बघ. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय. हेलमध्ये सगळे रेझिस्ट वजा १०० होतात, अन्याच्या क्वेस्टचे तिन्ही डिफिकल्टींचे मिळून ३० परत मिळतात, आणि एनिग्मात रेझिस्ट शून्य. मी एनिग्मा केला तेव्हा आधीचं चिलखत काढलं, नवं घातलं, आनंदानं टेलिपोर्ट मारत केऑस सँक्च्युअरीत घुसलो आणि पहिल्याच घोळक्यात आडवा झालो, तीनदा. चालत जाणारा माणूस पुढं काय आहे ते बघून जातो, टेलिपोर्टवाला सरळ त्यांच्या मधोमध उतरतो. म्हणून आधी शील्ड, चार्म, बूट यातनं रेझिस्ट ७५ ला न्या आणि मग चिलखत बदला.

दुसरं, फास्टर कास्ट रेट, म्हणजे जादू किती झटपट मारता येते ते. पॅलाडिनला ७५ आणि १२५ हे टप्पे, मधला आकडा फुकट. स्पिरिट शील्ड ३५ पर्यंत देते, हार्ट ऑफ द ओक ४०, मेजफिस्ट २०, अ‍ॅरॅकनिड मेश २०, आणि दहा-दहाच्या अंगठ्या. कास्ट रेट नसेल तर एनिग्मा अंगात असून नसल्यासारखा, उडी मारल्यावर पुढच्या उडीपर्यंत मार खात उभं राहावं लागतंय.

इचल_माग :

दोघांचं बरोबर आहे, मी फक्त बेसबद्दल, म्हणजे रून घालायच्या कोऱ्या वस्तूबद्दल बोलतो कारण बेस चुकला की सगळं गेलं.

एनिग्माला बरोब्बर तीन सॉकेट पाहिजेत, चारमध्ये तीन रून घालून होत नाही. आर्चन प्लेटला जास्तीत जास्त चार होतात आणि लारझुक नेहमी जास्तीत जास्तच देतो, म्हणून तुझं तसं झालं. पुढच्या वेळी मेज प्लेट घे, त्याला मॅक्स तीनच, लारझुककडं डोळे झाकून न्यायचा, शिवाय ताकद ५५ लागती, आर्चनला १०३. लारझुक संपला असला तरी क्यूब आहे, ताल, थुल, परफेक्ट टोपाझ आणि साधा विनासॉकेटचा मेज प्लेट, सुपिरियर चालत नाही. क्यूब एक ते सहा आकडा काढतो आणि मॅक्सच्या वरचे सगळे मॅक्सवर येतात, म्हणजे मेज प्लेटला सहातनं चार वेळा तीन सॉकेट. आर्चनला तीन पाहिजेत म्हटलं तर सहातनं एकदाच. अजून एक, एनिग्मा लेव्हलमागं पाऊण ताकद देतो, तुझ्या ८६ ला ६४, पण ती ताकद एनिग्माच घालायला चालत नाही, आधी स्वतःची ५५ पाहिजे.

तो चार सॉकेटवाला आर्चन टाकू नको. त्यात एल सोल डॉल लो म्हणजे फोर्टिट्यूड होतंय, ते मर्सनरीला (भाड्याचा साथीदार) लय भारी. फक्त लो मोडलेस तर ते पुढं ढकलायला लागणार.

इन्फिनिटीला चार सॉकेटची पोलआर्म (लांब दांड्याचं हत्यार), आणि मर्सनरीला द्यायची तर इथेरियल (जादा डॅमेजची पण दुरुस्त न होणारी) बघा. मर्सनरीच्या हातात हत्यार झिजत नाही, त्यामुळं इथेरियलचं नुकसान काही नाही आणि डॅमेज दीडपट. कोलोसस वूल्ज ही पोलआर्म इथेरियल मिळाली तर लारझुक चारच करतो. ताईची लारझुक क्वेस्ट शिल्लक आहे का?

आणि हात जोडून सांगतो, रून घालताना क्रम मोठ्यानं वाचा. बेर, मॅल, बेर, इस्ट. पोलआर्म पांढऱ्या नाहीतर करड्या अक्षरातलीच, म्हणजे साधीच, निळी पिवळी नको. आमच्या इथं एकानं निळ्या हत्यारात सगळे रून घातले. परत काढायला हेल नावाचा रून आणि टाऊन पोर्टलची स्क्रोल लागती आणि त्यात आतले रून नष्टच होतात.

ताई_इथंच_हाय :

मीच ती ताई. सगळं वाचलं, आभार. लारझुक माझी शिल्लक आहे, मी जपून ठेवल्या.

गंगावेस कट्टावाले तुमचा मुद्दा मला पटला म्हणून सांगतो, कुरास्टात मला इन्फिनिटी लागत नाही हे खरं. पण मला कुरास्टाचा कंटाळा आलाय. दोन हजार वेळा तीच शेकोटी बघितली. मला वर्ल्डस्टोन कीपमध्ये जायचंय, बाल या शेवटच्या राक्षसाच्या सैन्याच्या पाचही लाटा स्वतः मारायच्यात, आणि आत्ता माझी गत अशी की लायटनिंग इम्यून (वीज न लागणारा) घोळका आला की मी मागं सरतो आणि मर्सनरी एकटा भोसकत बसतोय. शिवाय कुरास्टाच्या पेटीत बेरपर्यंतच रून पडतो, जाह पडतच नाही. भावाला जाह पाहिजे असेल तर कधीतरी मारामारी करावीच लागणार, का आयुष्यभर बेरच मोडत बसायचे?

माझा प्रश्न एवढाच, इन्फिनिटीनं इम्यून खरंच मरतात का?

हुपरीचा_चांदीवाला :

ताई, सगळे नाही, पण पुष्कळ. इन्फिनिटी मर्सनरीच्या हातात दिली की त्याच्याभोवती बारा लेव्हलचा कन्व्हिक्शन ऑरा (शत्रूचा रेझिस्ट उतरवणारं वलय) चालतो. साध्या राक्षसांचा लायटनिंग रेझिस्ट ८५ नं उतरतो, म्हणजे तिथं तुमची वीज कापसाला काडी लावल्यागत जाणार. इम्यूनवर मात्र पाचवा हिस्साच चालतो, म्हणजे १७. ज्याचा रेझिस्ट ११६ पर्यंत आहे त्याची इम्युनिटी तुटती, त्याच्या वरच्याची नाही. शिल्लक राहतील त्यांना टेलिपोर्ट मारून बगल द्यायची.

आणि एक गोष्ट जी मला उशिरा कळली. आत्ता मर्सनरीच्या हातात इनसाइट हे हत्यार असणार तुमच्या. इन्फिनिटी दिली की इनसाइट गेली, इनसाइट गेली की मेडिटेशन ऑरा गेला, आणि तुम्हाला माना (जादू मारायची शक्ती) भराभर परत यायची सवय लागलेली असती. पहिले दोन दिवस सारखी निळी बाटली लागंल. माझं त्यात असं झालं की हत्यार जगात भारी आणि ऐन वेळी हात रिकामे, मी पुन्हा इनसाइट देऊन टाकली होती, आठवड्यानं परत आलो. तुम्ही बेल्टची एक ओळ जादा माना पोशनची ठेवा.

मर्सनरी जगला पाहिजे, तो मेला की ऑरा गेला. हेल्मेट लाइफ लीचचं (मारताना जीव भरून देणारं) द्या, व्हॅम्पायर गेझ पडलं असेल तर तेच. फोर्टिट्यूडचे लो जाणार असतील तर चिलखतात शाएल थुल लेम घालून ट्रेचरी करा, स्वस्तात काम होतंय. इन्फिनिटी एनिग्माच्या आधी का म्हणतो ते यातच आलं, तुमच्याकडं टेलिपोर्ट आहे आणि मारायची ताकद कमी, भावाकडं मारायची ताकद आहे, हॅमरला इम्यून असणारे थोडेच, त्याला फक्त पाय नाहीत. त्याचं काम हळू का होईना चालू आहे, तुमचं अडलंय.

गंगावेस_कट्टा :

ताई, पाच लाटा स्वतः मारायच्यात म्हणालात तिथं माझं मत बदललं. मी रून मिळवायचाच विचार करत होतो. करा इन्फिनिटी. फक्त मॅल आणि इस्ट एक-एकच आहे, ते गेले की कॉल टू आर्म्स हे हत्यार लांबणार, त्यालाही अमन राल मॅल इस्ट ओम लागतंय. टॉवरमधल्या काउंटेस या राक्षसिणीकडनं हेलमध्ये मॅल, इस्ट पडतात, भावाला तिकडं धाडा, टॉवरच्या पाच मजल्यांना टेलिपोर्ट नसला तरी चालतंय.

नववी_गल्ली :

ठरलं मग, ताईला इन्फिनिटी. खरं सांगू का, चांदीवाल्यांचा पहिला रिप्लाय वाचला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, कारण माझ्या डोक्यात मी पॅलाडिनला उड्या मारताना बघितलं होतं. पण तीन बेरचा हिशेब वहीत मांडला आणि पटलं. आणि रन तिनं मारल्यात, ते पण खरंच आहे.

काल संध्याकाळी तीन टोपाझ हुडकले, फ्लॉलेस केला, अ‍ॅमेथिस्ट स्टॅशमध्येच होता. पहिल्यांदा लो-लोचा सुर झाला. मग सुर-सुर घालताना क्यूबच्या ट्रान्सम्यूट बटणावर बोट ताईनं ठेवलं, मी बघितलंपण नाही. पावसानं लाईट येजा करालीय म्हणून आधी सेव्ह फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली, स्टॅशच्या फाइलसकट, ज्यांनी कधी घेतली नसंल त्यांनी आजच घ्या.

आता दोन बेर शेजारी शेजारी ठेवलेत. इथेरियल वूल्ज अजून नाही. आज जेवण झालं की विर्टचा पाय ही वस्तू घेऊन काऊ लेव्हल (गाईंचा गुप्त भाग), पोलआर्म पडंपर्यंत तिथंच. मी काउंटेस उद्यापासनं. मर्सनरीसाठी व्हॅम्पायर गेझ नसेल तर तोवर कुठलं हेल्मेट द्यावं ते कुणीतरी लिहून ठेवा, सकाळी बघतो.