खाणीतल्या हवेला काय म्हणावं? (डाउनकास्ट, अपकास्ट वगैरे)

धुळेकर: अरवलीतल्या जस्ताच्या खोल खाणीवरचा मजकूर मराठीत करतोय. एका शाफ्टमधून (खाणीत उतरणारा उभा खड्डा) ताजी हवा खाली जाते, दुसऱ्यावर मोठा पंखा बसवून वापरलेली हवा ओढून काढतात. पहिला डाउनकास्ट, दुसरा अपकास्ट. मी 'अधोवाही कूपक' आणि 'ऊर्ध्ववाही कूपक' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, काढ्याची नावं वाटतात. सुचवा.

मोगरा: त्याआधी, व्हेंटिलेशनला 'वायुवीजन' म्हणतात, त्यात वीज कुठून आली?

विंझणा: वीज नव्हे हो, 'वीज्' धातू, म्हणजे वारा घालणे. माझं टोपणनावही त्याच कुळातलं, विंझणा म्हणजे पंखा. आणि कूपक वापरल्याशिवाय रुळणार कसा? प्राणवायू रुळलाच ना?

तापीकाठ: कूपक म्हणजे छोटी विहीर. कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरच्या खाली गेली होती, तीही छोटीच का? सरळ 'विहीर' म्हणा. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. विझला तर निंबाचा डहाळा दोराला बांधून वरखाली करत राहायचं, कोंदलेली हवा हलेपर्यंत.

चाळीसगावचा खाणवाला: दादा, कंदिलावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड असला तरी ज्योत मजेत जळते. आमच्यात शाफ्टला शाफ्टच म्हणतात, फॅनला फॅन. पण 'हवा खेळती ठेवणे' लिहू नका. खाणीत हवेला खेळू देत नाहीत. दारं-पडदे लावून नेमल्या वाटेनंच नेतात, नाहीतर ती जवळच्या रस्त्यानं परस्पर बाहेर पडते आणि फेसवर, म्हणजे खोदकाम चालतं तिथं, सुरुंगाचा धूर तसाच राहतो. नियमाप्रमाणे ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान ३३.५ अंशांवर जाता कामा नये, ३०.५ ओलांडलं की हवा सेकंदाला निदान १ मीटर वाहिली पाहिजे. त्याशिवाय घाम वाळत नाही.

सातपुडा: डोंगरात आडवी खोदलेली, एक तोंड पायथ्याला न् एक वर अशी बिनपंख्याची खाण घ्या. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार, म्हणून ती वरच्या तोंडानं निघते. उन्हाळ्यात सगळं उलटं, गार हवा खालून बाहेर. दोन्हीकडचं तापमान सारखं झालं की प्रवाह ठप्प. मग ऊर्ध्ववाही कुणाला म्हणणार, विंझणा?

विंझणा: तो अपवाद झाला. परिभाषा अपवादावर ठरत नाही.

मोगरा: वरच्या तोंडाला 'सानं' म्हणा की! आजीच्या धाब्याच्या घराच्या छताला तसं भोक होतं. चुलीचा धूर तिथूनच जायचा.

तापीकाठ: सानं उजेडासाठी. धुरासाठी धुराडं.

धुळेकर: मंडळी, शाफ्टचं काय ठरलं? शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

विंझणा: शुद्ध शब्द 'साणे' आहे, णकार. बोलीत 'न' होतो.

मोगरा: आमना गावमा सानंच म्हंतस. शुद्ध तुमना घरमा ठेवा.

चाळीसगावचा खाणवाला: मराठवाड्यातला माझा रूममेट 'सवनं' म्हणतो. आता बोला.