सिबिल अहवालातील प्रतिकूल नोंदी: कोणत्या निघतात आणि कोणत्या निघत नाहीत?

गोदाकाठची (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आम्ही पती-पत्नी मिळून नाशिकमध्ये एक सदनिका घेत आहोत. विसार दिलेला आहे, करारनाम्याची नोंदणी व्हायची आहे आणि गृहकर्जाचा अर्ज मात्र माझ्या सिबिल अहवालामुळे अडला आहे. बँकेने तीन नोंदींवर बोट ठेवले आणि त्या दूर झाल्याशिवाय प्रकरण मंजुरीसाठी पाठवता येणार नाही, असे सांगितले.

पहिली नोंद क्रेडिट कार्डाची आहे. 2021 मध्ये नोकरी सुटली तेव्हा कार्डावर सुमारे 68,000 रुपये थकले होते. कार्ड देणाऱ्या बँकेने 40,000 रुपये एकरकमी घेऊन खाते मिटवले आणि तसे पत्रही दिले, परंतु अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. दुसरी नोंद दुचाकी कर्जाची. सगळे हप्ते फिटले, फायनान्स कंपनीकडून ना-देय दाखला मिळाला, आरटीओतून गाडीवरचा बोजाही उतरवला, तरी अहवालात ते खाते अजून चालू दिसते आणि त्यावर 590 रुपये थकबाकी दाखवली आहे. तिसरी नोंद एका मोबाइल ॲपवरून दिलेल्या 9,000 रुपयांच्या कर्जाची असून ते कर्ज मी कधीही घेतलेले नाही.

एका ओळखीच्या गृहस्थांनी एका एजंटाचे नाव सुचवले आहे. तो 15,000 रुपये घेऊन तिन्ही नोंदी ‘साफ करून देतो’ म्हणतो आणि त्यासाठी पॅन, आधार आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागतो. या नोंदी खरोखर काढता येतात का, त्या कोणाकडून काढून घ्यायच्या आणि त्यास किती वेळ लागतो, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना शाखाधिकारी (उत्तर)

ताई, प्रथम त्या एजंटाला ओटीपी देऊ नका. बाकीचे सविस्तर लिहितो, कारण आपल्या तिन्ही नोंदी तीन वेगळ्या जातीच्या आहेत आणि तिघींना एकच औषध चालणार नाही.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्याकडे पतमाहिती, म्हणजे कोणी कोणते कर्ज घेतले आणि ते कसे फेडले याची माहिती, गोळा करतात. त्या केवळ नोंद ठेवणाऱ्या आहेत, नोंद करणारी मात्र आपल्याला कर्ज देणारी संस्था असते. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या 2005 च्या कायद्यातील कलम 21 नुसार चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा कर्जदाराला हक्क आहे आणि अशी मागणी आल्यावर 30 दिवसांत कार्यवाही करणे बंधनकारक आहे. पण त्याच कलमात असेही आहे की, ज्या संस्थेने माहिती पुरवली तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनीला नोंदीत बदल करता येत नाही. लोक सिबिलच्या नावाने बोटे मोडत बसतात आणि ज्या फायनान्स कंपनीच्या संगणकात चूक आहे तिला साधे पत्रही लिहीत नाहीत, हे मी नोकरीत असताना फार पाहिले. म्हणून तक्रार दोन्हीकडे करावी: पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर, जिथे ती विनाशुल्क नोंदवता येते, आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने.

आता आपली दुचाकीची नोंद. 590 हा आकडाच बरेच काही सांगतो. 500 रुपये हप्ता परत गेल्याचा आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 90 रुपये, अशी ती बेरीज असण्याची दाट शक्यता आहे. केव्हातरी एखादा हप्ता खात्यात शिल्लक नसताना वटवायला आला असेल, पुढे तो भरलाही गेला असेल, पण दंडाची रक्कम खात्यावर तशीच राहिली आणि म्हणून संगणकाने खाते बंद केले नाही. अहवालात त्या खात्याखाली महिनावार चौकटी असतात. तिथे ‘000’ असेल तर त्या महिन्यात काही थकलेले नाही, ‘030’, ‘060’ असे आकडे असतील तर तितके दिवस थकबाकी आहे, आणि ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही, असा अर्थ होतो. या चौकटींत आकडा दर महिन्याला वाढत गेलेला दिसत असेल, तर आपल्या 590 रुपयांची गणना एखाद्या बुडीत कर्जासारखी चालू आहे. रक्कम लहान असली तरी गुण (क्रेडिट स्कोअर) त्यामुळे घसरतात. खाते शेवटचे केव्हा कळवले गेले ती तारीखही त्याच पानावर असते, तीही पाहून ठेवावी.

ना-देय दाखला हातात असताना हे 590 रुपये भरण्याची घाई करू नका. दाखला देणे म्हणजे येणे काही उरले नाही असे त्या संस्थेने लेखी मान्य करणे होय. पत्रात कर्ज खाते क्रमांक, दाखल्याची तारीख, अहवालाचा कंट्रोल नंबर (त्या अहवालाचा ओळख क्रमांक) आणि नेमकी कोणती ओळ चुकीची आहे हे लिहावे, दाखल्याची प्रत आणि आरटीओच्या नोंदीची प्रत जोडावी, आणि मागणी एका वाक्यात करावी: ‘दाखल्याच्या तारखेपासून खाते बंद व थकबाकी शून्य अशी दुरुस्ती करावी, तसेच त्या तारखेनंतर दाखवलेले थकीत दिवस काढावेत.’ हा शेवटचा भाग बहुतेक जण लिहायचे विसरतात. मग खाते बंद होते, पण थकीत दिवसांच्या चौकटी तशाच राहतात आणि गृहकर्जाच्या अधिकाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

मुदतीविषयीचा नियम रिझर्व्ह बँकेने 26 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने आणला आणि तो एप्रिल 2024 पासून लागू झाला. तक्रार दाखल झाल्यापासून 30 दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला 100 रुपये भरपाई मिळते. कर्ज देणाऱ्या संस्थेने कळवल्यापासून 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई तिने द्यायची, आणि तिने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने उशीर केला तर त्या कंपनीने द्यायची. गुण कसे काढले याविषयीच्या वादाला मात्र हा नियम लागू नाही. आपल्याला पैशापेक्षा नोंद दुरुस्त होणे महत्त्वाचे आहे हे मी जाणतो, तरी पत्राच्या शेवटी रिझर्व्ह बँकेच्या या नियमाचा उल्लेख करावा, कारण त्या एका ओळीने टेबलावरचा कागद हलतो.

वसईकर (उत्तर)

तिसऱ्या नोंदीबद्दल लिहितो, कारण माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत असेच घडले होते. ‘हे कर्ज माझे नाही’ एवढेच लिहिल्यावर त्या संस्थेकडून ‘आमच्या नोंदीनुसार कर्ज आपलेच आहे’ असे छापील उत्तर आले. त्यानंतर आम्ही केवळ कागदपत्रे मागितली: कर्जाचा अर्ज, अर्जासोबत घेतलेले छायाचित्र, केवायसीच्या प्रती, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि पैसे ज्या बँक खात्यात जमा झाले त्या खात्याचा तपशील. आलेल्या कागदांत छायाचित्र दुसऱ्याच तरुणाचे होते आणि खाते भावाने कधीही न पाहिलेल्या बँकेतले. पुढचा वाद तिथेच मिटला.

मात्र फसवणूक झाली असे गृहीत धरण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. आपल्याकडे एकच नाव आणि आडनाव असलेली माणसे पुष्कळ असतात आणि जन्मतारीख किंवा पत्ता जुळला की एकाची नोंद दुसऱ्याच्या अहवालात मिसळते. अहवालाच्या पहिल्या भागात आपले पॅन, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक दिलेले असतात, त्यात अनोळखी पत्ता किंवा क्रमांक असेल तर हा प्रकार असू शकतो. त्या वेळी तक्रारीत ‘खाते माझ्या मालकीचे नाही’ हा पर्याय निवडावा आणि अनोळखी पत्ताही काढून मागावा. पॅनचा गैरवापर झालेला असेल तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत कर्ज देणाऱ्या संस्थेला पाठवावी. आणि काहीही झाले तरी ‘9,000 च तर आहेत, भरून टाकू’ असे करू नये. एकदा पैसे भरले की कर्ज आपले नव्हते हे सांगणे कठीण होते.

गोदाकाठची

आपण दोघांनी इतके नेमके लिहिलेत, मनापासून आभार. दुचाकीच्या खात्यात चौकटींतील आकडे खरोखरच दर महिन्याला वाढत गेलेले आहेत. अहवालात ठाण्याचा एक पत्ताही दिसतो, जिथे मी कधी राहिले नाही.

आता कार्डाच्या नोंदीविषयी विचारते. त्या वेळी सोडलेले 28,000 रुपये आज भरले तर ‘सेटल्ड’ हा शेरा निघेल का? काही जण म्हणतात की सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते, तेव्हा थांबावे हे बरे. तसेच केवळ यजमानांच्या नावाने कर्जाचा अर्ज करावा का?

कर्जसल्लागार, पुणे (उत्तर)

ताई, कार्डाची नोंद खरी आहे. आपल्यावरील अडचण खरी होती, तडजोडही बँकेच्या संमतीने झाली आणि त्यात आपल्याकडून काही गैर घडलेले नाही. परंतु बँकेला येणे असलेल्या रकमेपेक्षा कमी मिळाले हे अहवाल सांगतो आणि ते खरे असल्यामुळे ‘चूक’ म्हणून ते काढून मागता येत नाही. एजंट लोक इथेच फसवतात. ते सरसकट सगळ्या नोंदींवर आक्षेप नोंदवतात, त्यामुळे चौकशी चालू असेपर्यंत त्या नोंदींपुढे ‘वादग्रस्त’ अशी खूण दिसते, तोच अहवाल दाखवून उरलेले पैसे घेतात आणि महिन्याभराने नोंद होती तशी परत येते. मधल्या काळात आपले पॅन, आधार आणि खात्यात शिरण्याची किल्ली त्यांच्याकडे गेलेली असते. जी तक्रार आपण स्वतः विनामूल्य करू शकता, तिच्यासाठी पदरचे 15,000 रुपये घालवू नयेत असे मी कळकळीने सांगतो.

सात वर्षांचा समजही नीट पाहायला हवा. पतमाहिती किमान सात वर्षे जपावी, असे नियमात आहे. ती किमान मुदत आहे. त्यानंतर नोंद पुसलीच पाहिजे असा त्याचा अर्थ होत नाही, म्हणून केवळ त्या आशेवर घर अडवून ठेवू नये.

शेरा बदलण्याचा सरळ मार्ग आपण म्हणता तोच आहे, फक्त त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. कार्ड देणाऱ्या बँकेला आधी लेखी विचारावे की, 2021 च्या तडजोडीत सोडलेली रक्कम मी आता भरण्यास तयार आहे, ती भरल्यावर खात्याची स्थिती ‘सेटल्ड’ ऐवजी ‘क्लोज्ड’ अशी चारही पतमाहिती कंपन्यांना कळवाल का, आणि नेमकी रक्कम किती? बँकेने व्याज वाढवून सांगितले तर मूळ सोडलेल्या रकमेवर ठाम राहून बोलावे, बहुधा मार्ग निघतो. बँकेवर असे करण्याची सक्ती नाही, म्हणूनच तिचे लेखी ‘होय’ हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नये. वसुली एजंटाने दूरध्वनीवर दिलेला शब्द इथे चालत नाही. ते कर्ज बँकेने एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला) विकले आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण तसे असेल तर हा पत्रव्यवहार त्या कंपनीशी करावा लागेल. पैसे भरल्यावर शेरा बदलतो, पण त्या वेळी हप्ते चुकले हा इतिहास मागे जाऊन बदलला जात नाही. तथापि अहवालात साधारणपणे 36 महिन्यांपर्यंतचा भरणा-इतिहास दिसतो आणि आपले खाते 2021 मध्येच मिटले आहे, त्यामुळे गृहकर्ज देणाऱ्या बँकेला मुख्यतः तो शेराच टोचत असणार.

शाखाधिकारी साहेबांनी सांगितलेल्या मुदतींना एक जोड देतो. 2025 च्या जानेवारीपासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे मान्य झालेली दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर अहवालात उतरते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार करता येते, आणि सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धही ती करता येते. चारही कंपन्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात, तेव्हा चारही मागवावेत. ठाण्याचा पत्ता एका अहवालात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर चूक कुठे शिरली याचा माग लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. अर्ज नामंजूर झाला म्हणून एकापाठोपाठ एक बँकांकडे नवे अर्ज टाकले, तर मात्र प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि कर्जासाठी वणवण चालली आहे असे चित्र उभे राहते.

यजमानांच्या एकट्याच्या नावाने अर्ज करण्याविषयी: करारनाम्यात आपण दोघे सहमालक असाल, तर बहुतेक बँका प्रत्येक सहमालकाला सहअर्जदार व्हायला सांगतात आणि मग दोघांचेही अहवाल तपासले जातात. केवळ कर्जासाठी आपले नाव घराच्या मालकीतून काढावे, असे मी सुचवणार नाही. दुचाकीची आणि मोबाइल ॲपवरील कर्जाची नोंद दुरुस्त होण्यास साधारण दीड-दोन महिने धरावेत, आणि विसार पावतीत करारनामा करण्याची मुदत दिलेली असेल तर ती वाढवून देण्याबाबत विक्रेत्याकडून आत्ताच लेखी घ्यावे. बँकेकडे मूळ अर्जाच्याच संदर्भाने दोन्ही तक्रारींच्या पोचपावत्या, ना-देय दाखला आणि तडजोडीचे पत्र देऊन ठेवावे. पुष्कळदा कर्ज-अधिकारी एवढ्या कागदांवर प्रकरण वरिष्ठांकडे पाठवतात आणि दुरुस्त अहवाल येईपर्यंत मंजुरी सशर्त ठेवतात.

जुना शाखाधिकारी

सल्लागारांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देतो. पोचपावत्यांसोबत स्वतःच्या सहीचे एक पानी निवेदन जोडावे आणि त्यात तिन्ही खात्यांची सद्यस्थिती तारखांसह लिहावी. मंजुरी समितीसमोर प्रकरण जाते तेव्हा अर्जदार तिथे हजर नसतो, आणि ते पान नसेल तर त्याची बाजू मांडणारे तिथे कोणीच नसते.