पेजेतलं लोह बाळाच्या अंगी लागण्यासाठी काय करता?

नवी_आई: मुलगी सात महिन्यांची. धान्य भाजून, दळून पेज देते. शिवाय तयार सीरियलचा डबा आणलाय, त्यावर लोह-जस्त भरपूर लिहिलंय. पण धान्यातलं लोह अंगीच लागत नाही म्हणतात, खरं का? काय करू?

जाड_भरड: थोडंच लागतं, हे खरं. दाण्याच्या कोंड्यात आणि कोंबात फायटेट असतं. लोह, जस्त, कॅल्शियम ते धरून ठेवतं, आतड्यात सुटू देत नाही. भाजून-शिजवून ते फारसं जात नाही. त्याला तोडणारं फायटेज हे विकर (एन्झाइम) दाण्यातच असतं, पण आच लागली की तेच आधी निकामी होतं. म्हणून आधी भिजवा, मोड आणा, वाळवा आणि मगच भाजा. तुम्ही थेट भाजता, तिथेच घोडं अडतंय.

उंटावरून_शेळ्या: चपटे ओट्स भिजवले तर?

जाड_भरड: फारसा उपयोग नाही, ते कारखान्यातच वाफवलेले असतात. गव्हात फायटेज भरपूर. बाळाला गहू सोसत असेल तर भिजवताना थोडं कच्चं गव्हाचं पीठ कालवा, नंतर नीट शिजवा.

लेबलवाचक: डब्यावर लोह किती यापेक्षा कुठलं ते बघा. फेरस फ्युमरेट किंवा फेरस सल्फेट चांगलं शोषलं जातं. फेरिक पायरोफॉस्फेट त्या मानाने कमी. मग सगळे सल्फेटच का घालत नाहीत? त्याने पीठ खवट होतं, रंग बदलतो. दुसरं, क जीवनसत्त्व. 1 मिग्रॅ लोहामागे साधारण 6 मिग्रॅ असेल तर शोषण बरंच सुधारतं. पण ते उकळून नासतं, तेव्हा फळाचा गर पेज कोमट झाल्यावर घाला. जस्ताला मात्र याचा फायदा नाही, तिथे फायटेटच कमी करायला हवं.

नवी_आई: आईचं दूध चालू आहे, त्यातून मिळत नाही का?

लेबलवाचक: दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण असतं लिटरला जेमतेम 0.3 मिग्रॅ. जन्मतःचा साठा सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो. अमेरिकेत 7 ते 12 महिन्यांसाठी रोज 11 मिग्रॅची शिफारस आहे, आता बघा! मांस-मासे चालत असतील तर मऊ शिजवून थोडं पेजेत घाला. त्यातलं लोह सहज शोषलं जातं, वर धान्यातलंही जास्त लागतं.

नवी_आई: डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत. मोड आणायला लागले की बंद केले तर चालतील ना?

जाड_भरड: अजिबात नको. ते डॉक्टरांना विचारूनच.