‘प्रभूचा कौल घेणे’ म्हणावे की नाही?

भाषांतरकर्ती, शाहूपुरी:
आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणांसाठी मी एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. नोकरी बदलणे, स्थळ पाहणे, घर घेणे अशा नित्याच्या निर्णयांत देवाला कसे विचारावे, हा तिचा विषय. ‘निर्णयापूर्वी प्रभूचा कौल घ्यावा’ असे मी लिहिले होते. पाळकसाहेबांनी ‘कौल’ खोडून ‘मार्गदर्शन’ केले, कारण कौल देवळात लावतात. मला मात्र ‘मार्गदर्शन’ म्हटले की दहावीनंतरचे शिबिर आठवते. गुडघे टेकून वाट पाहणारा माणूस त्या शब्दात दिसत नाही. जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शिक्षक, कसबा बावडा:
ताई, आपला शब्द सोडू नका. ‘कौल’ अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ बोल, वचन. शिवकाळात उजाड पडलेले गाव पुन्हा वसवताना रयतेला कौलनामा देत, सारा हलका करीत, आणि त्या भरवशावर माणसे परतून जमीन कसू लागत. ज्याच्या शब्दावर विसंबून पाऊल टाकावे त्याचा तो कौल; ख्रिस्ती श्रद्धेला याहून जवळचा शब्द कोणता?

एक वाचक, राजारामपुरी:
शब्दाचे मूळ काहीही असो, आज तो काय सांगतो ते पाहावे लागते. माझे आजोळ कोकणातले. तिथे ग्रामदेवतेपुढे गुरव गाऱ्हाणे घालतो, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि उजवी आधी पडली की होकार मानतात. त्या वेळची सभामंडपातली शांतता मी अनुभवली आहे आणि तिचा मला आदर आहे. परंतु तिथे प्रश्न असाच मांडावा लागतो, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यावे. निवडणुकीतल्या जनतेच्या कौलाचेही तेच. पुस्तिकेला हेच म्हणायचे आहे काय?

परिचारिका, मिरज:
शास्त्रातही होकार-नकाराची उदाहरणे आहेतच. बायबलच्या जुन्या करारात, शास्ते 6 मध्ये, इस्राएलाचा पुढारी गिदोन खळ्यात लोकर ठेवतो. एका रात्री दव फक्त लोकरीवर पडावे, दुसऱ्या रात्री फक्त जमिनीवर, असे मागतो आणि देव तसे करतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. पण गिदोनाला विजयाचे वचन आधीच मिळाले होते. लोकर त्याच्या भित्र्या मनासाठी होती. मत्थियाची चिठ्ठी प्रेषितांची कृत्ये 1 मधली, पवित्र आत्म्याचा वर्षाव अध्याय 2 मधला. त्यानंतर मंडळीने कोणाला चिठ्ठीने निवडल्याचे नव्या करारात आढळत नाही. म्हणून मी ‘प्रभूने चालवणे’ हे आपल्या मंडळ्यांतले जुने क्रियापद सुचवते. रोमकरांस पत्र 8:14 मध्येही देवाच्या आत्म्याने चालवलेल्यांविषयीच सांगितले आहे.

माझ्या वडिलांना मुंबईहून नोकरीचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी बायबलच्या समासात पेन्सिलीने तारीख आणि ‘मुंबई?’ एवढेच लिहिले. रोजचे वाचन नेहमीच्या क्रमानेच ठेवले, मुद्दाम उत्तर शोधत पाने चाळली नाहीत. मंडळीतील ज्येष्ठांना विचारले, आईला विचारले, आणि मग नकार कळवला. समासात उत्तर मात्र त्यांनी कधीच लिहिले नाही. याला कौल कसे म्हणू?

तरुण वाचक, उजळाईवाडी:
हल्ली प्रार्थना सभांत ‘प्रभूची अगुवाई’ असे सर्रास ऐकू येते आणि तरुणांना ते लगेच कळते. तोच शब्द का नको?

निवृत्त शिक्षक, कसबा बावडा:
कारण तो हिंदीतून उसना आणलेला आहे, आणि घरात ‘चालवणे’ असताना उसनवारी कशाला?

तरुण वाचक, उजळाईवाडी:
सर, आपला ‘कौल’ अरबीतून आला तो चालतो आणि शेजारच्या हिंदीतला शब्द चालत नाही, हे मला पटत नाही. शिवाय माझी खरी अडचण वेगळीच आहे. कोणती पाळी घ्यावी, गाडी आज दुरुस्तीला टाकावी की उद्या, यासाठीही थांबून विचारायचे काय? तसे करणारा माझा एक मित्र कोणताच निर्णय घेऊ शकत नाही, आणि आपण चुकलो तर देव रागावेल या भीतीने झुरतो.

परिचारिका, मिरज:
आपल्या मित्राला याकोब 1:5 वाचून दाखवा. तिथे जो ज्ञानाने उणा आहे त्याने ते देवाजवळ मागावे, आणि देव दोष न लावता देतो, असे म्हटले आहे. मागायचे आहे ते ज्ञान. प्रत्येक गोष्टीचे तयार उत्तर नव्हे. पाळी कोणती घ्यावी हे मी विचारत नाही, पण मिळालेल्या पाळीत रुग्णाशी कसे वागावे हे रोज विचारते.

एक वाचक, राजारामपुरी:
इथे माझा मतभेद आहे. लहान गोष्टी वगळल्या, तर सर्व मार्गांत त्याला स्मरावे या नीतिसूत्रे 3 मधील ‘सर्व’चे काय करायचे?

निवृत्त शिक्षक, कसबा बावडा:
प्रेषितांची कृत्ये 16 पाहा. आत्म्याने आसिया प्रांताचा रस्ता अडवला, बिथुनियाचाही अडवला, मग त्रोवस गावी प्रेषित पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. तरीही तिथे ‘आम्ही’ अनुमान केले असे आहे; दृष्टान्त एकाचा, विचार सर्वांचा. तेव्हा कौलही मिळाला आणि चालवणेही झाले, असे मी म्हणतो.

परिचारिका, मिरज:
अनुमान करावे लागले, तर तो कौल नव्हे. कौलाला अनुमान लागत नाही.