लोकगायकांची ध्वनिमुद्रणे आंतरजालावर ठेवायची आहेत, संमतिपत्र कसे करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून काम करतो. कायदा, ध्वनिसंग्रह किंवा लोककला या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

२००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओची परवानगी स्वयंसेवी संस्थांना खुली झाली आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट घातली गेली. आमच्याकडे हा निम्मा भाग मुख्यतः गाण्यांचा असतो. जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, गजीचे ढोल, वाघ्या-मुरळीचे जागरण, भारुडे आणि गावोगावची भजनी मंडळे यांची मुद्रणे आम्ही सतत करत असतो. गाणारे मानधन मागत नाहीत, ‘कधी लागणार?’ एवढे विचारून घरी जातात. १०० वॅटची प्रक्षेपणशक्ती आणि जास्तीत जास्त ३० मीटर उंचीचा मनोरा या मर्यादेत आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच पोहोचतो, ऐकणारे बहुतेक ओळखीचे असतात, आणि म्हणून आजवर तोंडी होकारावर भागले.

प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवला की नियमाची पूर्तता होते. पण आम्ही ही मुद्रणे पुसली नाहीत, आणि गाणारी पिढी थकत चालली असताना ती पुसण्याचा विचारही मनात येत नाही. पुण्या-मुंबईला गेलेली मुले आता आपल्या आजीचा आवाज मागू लागली आहेत. त्यामुळे निवडक मुद्रणे आंतरजालावर ठेवायचे ठरले आणि तिथेच अडचणींना सुरुवात झाली.

यूट्यूबवर चाचणीसाठी ठेवलेल्या तुकोबांच्या एका अभंगावर एका संगीत कंपनीच्या नावाने आपोआप हक्काचा दावा आला. अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचाही मालकी हक्क असू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. चालीचे मात्र तसे नाही. मंडळाचे बुवा सांगतात की चाल त्यांच्या गुरूंकडून आली. परंतु गेल्या दोन पिढ्यांत कॅसेटवरून उचललेल्या चालीही भजनात इतक्या मिसळून गेल्या आहेत की, कोणती परंपरेतली आणि कोणती एखाद्या संगीतकाराने बांधलेली, हे बुवांनाही नेहमी सांगता येत नाही. अशा दाव्याला उत्तर देताना काय पुरावा जोडावा, आणि पुढच्या मुद्रणांच्या वेळी चालीविषयी कोणती माहिती नोंदवून ठेवावी?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षे स्वतंत्र हक्क असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव जोडले जाण्याचा हक्कही त्याला मिळाला. म्हणजे मुद्रण आम्ही केले असले तरी गाणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ते इतरत्र वापरणे योग्य ठरत नाही. आमच्या कित्येक गायिका अंगठा लावतात. त्यांना कागद वाचून दाखवून होकार ध्वनिमुद्रित केला, तर तो पुरेसा धरला जातो का? ज्या गायिका हयात नाहीत, त्यांच्या बाबतीत सर्व वारसांची संमती लागते का?

कायद्याच्या पलीकडचीही एक बाब आहे. एका मुद्रणात आजी भावावरच्या दोन-तीन ओव्या म्हणतात, मग नाव घेऊन जावेवरची एक ओवी येते, जात्याची घरघर थांबते आणि ‘ही लावू नको बरं का, बाळा’ असे स्पष्ट ऐकू येते. रेडिओवर आम्ही ती ओवी वगळली. मूळ मुद्रणात मात्र ती आहे, आणि संग्रह अभ्यासकांना खुला करायचा तर मूळ प्रत द्यावी की वगळलेली, यावर आमच्यात एकमत नाही. त्याचप्रमाणे काही गोंधळी सांगतात की, देवीला आवाहन करणारी विशिष्ट पदे गोंधळ मांडल्याशिवाय ऐकवू नयेत. माझ्या मते दोन्ही ठिकाणी गाणाऱ्याचा शब्द अखेरचा मानावा, आणि दिलेली संमती पुढे कधीही मागे घेता येईल, असे कागदावर स्पष्ट लिहावे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्या आज ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, ग्रामीण भारताविषयीचा आंतरजालावरील संग्रह) संकेतस्थळावर गायिकेचे नाव व गाव यांसह प्रसिद्ध होतात. आम्हालाही त्याच पद्धतीने जायचे आहे; आमच्या गायिकांचा आग्रह एवढाच की सासरच्या गावाबरोबर माहेरचे गावही लिहावे.

कोणाकडे सोप्या मराठीतील, मोठ्याने वाचून दाखवता येईल असा एक पानी संमतिपत्राचा नमुना असल्यास कृपया इथेच द्यावा. रेडिओवरील प्रसारण, आंतरजालावरील प्रकाशन आणि अभ्यासासाठी वापर यांना वेगवेगळा होकार किंवा नकार देण्याची सोय त्यात असावी. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की गायक मंडळी गावात सापडत नाहीत, म्हणून त्याआधी हा कागद घेऊन आम्हाला घरोघरी जायचे आहे.